दीनता आणि क्षमा : एका मराठी घरातील साधना

सुरत शहरातून कतारगामकडे जाताना इंग्रज व डच व्यापाऱ्यांच्या जुन्या दफनभूमी लागतात. घुमट, कमानी आणि स्तंभ यांनी नटलेली तेथील थडगी पाहून एखाद्यास ती नबाबांची वाटावीत. सुरतेच्या इंग्रज वखारीचा प्रमुख सर जॉर्ज ऑक्झेंडन १६६९ मध्ये मृत्यू पावला. त्याचा भाऊ ख्रिस्तोफर त्याच्या दहा वर्षे आधी गेला होता. दोघांवर मिळून एक भव्य वास्तू उभी आहे. डच अधिकारी व्हान रीड १६९१ मध्ये वारला, आणि त्याच्या थडग्याचा थाट पाहिला म्हणजे मृत्यूनंतरही इंग्रजांशी चाललेली स्पर्धा संपली नव्हती असे वाटते. ज्या धर्माच्या संस्थापकाने शिष्यांचे पाय धुतले, त्या धर्माच्या अनुयायांची ही स्मारके आहेत, हे क्षणभर खरे वाटत नाही.

परंतु त्याच शहराच्या इतिहासात याच्या अगदी उलट असेही एक चित्र आहे. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरतेवर स्वारी केली, तेव्हा सर जॉर्ज आपली वखार शस्त्रानिशी राखून होता. शहरातील श्रीमंतांच्या हवेल्या लुटल्या जात होत्या. मात्र फादर अँब्रोझ या कॅपुचिन धर्मोपदेशकाच्या निवासाला महाराजांनी धक्का लावू दिला नाही, कारण हे पाद्री सज्जन आहेत असे त्यांचे मत होते. बर्निये या फ्रेंच प्रवाशाने ही हकीकत नमूद केली आहे. वखारीला तोफांचा आधार होता, पाद्रीबाबांना केवळ लौकिकाचा. दीनता म्हणजे दुबळेपणा नव्हे, हे समजण्यास एवढे उदाहरण पुरे आहे.

ख्रिस्ती विचारात दीनता, पाप आणि क्षमा ही एकाच साखळीची तीन कडी आहेत. पाप म्हणजे केवळ निषिद्ध कर्म नव्हे. ईश्वरापासून आणि शेजाऱ्यापासून मन तुटणे, हे त्याचे मूळ. शुभवर्तमानात परूशी आणि जकातदार यांचा दृष्टान्त आहे. परूशी देवापुढे उभा राहून स्वतःच्या उपवासांचा व दानाचा पाढा वाचतो. जकातदार मान वर न करता केवळ दया मागतो. येशूच्या मते निर्दोष ठरून घरी गेला तो दुसरा. पहिल्याचे उपवास खोटे नव्हते, परंतु त्यांनी त्याच्या मनात अहंकाराचे पीक आले. आपल्या संतांनीही हेच दुखणे ओळखले होते. म्हणूनच तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणत.

या टिळकांचे घर हे आपल्या विषयाचे जिवंत उदाहरण आहे. टिळकांचा जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. पत्नी लक्ष्मीबाई या नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या कन्या. त्यांच्या वडिलांना सोवळ्याचा विलक्षण ध्यास होता. स्पर्शाने विटाळ होतो आणि पाण्याने तो जातो, ही पापपुण्याची पहिली शिकवण लक्ष्मीबाईंना माहेरी मिळाली. टिळक प्रतिभावान, उदार, पण मनाने अस्थिर आणि रागीट. न सांगता घर सोडून निघून जावे, घरात चणचण असता हाती आलेला पैसा दुसऱ्याच्या गरजेसाठी देऊन मोकळे व्हावे, असा त्यांचा स्वभाव. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस त्यांनी ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला. पत्नीच्या शोकाला पार राहिला नाही. त्यानंतर काही वर्षे दोघे एकमेकांपासून दूर राहिली.

पुढे लक्ष्मीबाई नगरला आल्या, तेव्हा टिळकांनी त्यांच्यावर धर्मांतराची सक्ती केली नाही. त्यांचे सोवळे सांभाळले जावे अशी स्वतंत्र सोय त्यांनी होऊ दिली. तापट पुरुषाने असा धीर धरणे ही लहान गोष्ट नव्हे. लक्ष्मीबाईंचे परिवर्तन झाले ते स्वतःच्या विचाराने. जातिभेद माणसाने निर्माण केला, देवाने नव्हे, हे उमगल्यावर त्यांनी सोवळे सोडले, आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. पाप हातावर नसून हृदयात असते, हा माहेरच्या शिकवणीपासून फार दूरचा पल्ला होता.

क्षमेचे खरे दर्शन मात्र १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रे' या त्यांच्या आत्मचरित्रात घडते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या स्त्रीने मराठीला एक अभिजात ग्रंथ दिला. त्यात पतीचा क्रोध, लहर, अव्यवहारीपणा काहीही झाकलेले नाही. तरी कोठेही विष नाही. स्वतःच्या फजितीवर त्या जितक्या मोकळेपणाने हसतात, तितक्याच पतीच्या फजितीवर. क्षमा करा आणि विसरा, असे आपण सहज म्हणतो. लक्ष्मीबाई काहीच विसरल्या नाहीत. घडलेले सर्व आठवत असताना त्यातील काटा तेवढा काढून टाकला, हीच त्यांची क्षमा. टिळकांच्या मृत्यूनंतर अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य त्यांनीच पूर्ण केले.

टिळकही अखेरपर्यंत स्वतःला पालटत राहिले. १९१७ च्या सुमारास मिशनची पगारी नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, दोघांनाही तेथे जागा होती. १९१९ साली ते निवर्तले. त्यांच्याच काळातील पंडिता रमाबाईंनी छपन्नियाच्या दुष्काळात, म्हणजे १९०० च्या सुमारास, गुजरातेतील निराधार मुलींना केडगावच्या मुक्तिसदनात आश्रय दिला, हे आपण गुजरातवासीयांनी कृतज्ञतेने स्मरावे.

वाचक म्हणतील, हे ख्रिस्ती घर, आपला त्याच्याशी संबंध काय? संबंध असा की दुखावलेली मने प्रत्येक घरात असतात. मुलुख सोडून आलेल्या कुटुंबात तर ती अधिक जपावी लागतात. गावाकडील वाटणीवरून भाऊ भावाशी बोलत नाही, मुलाने परजातीत लग्न केले म्हणून आईबाप त्याचे नाव टाकतात. वर्षे जातात, पत्र जात नाही, आणि अखेर एखाद्या तेराव्याला सारे एकत्र येतात. सात वेळा क्षमा करावी काय, या पेत्राच्या प्रश्नाला येशूने सातांच्या सत्तर पट हे उत्तर दिले. त्यातील हिशेब मोजण्यासाठी नाही. मोजणे थांबावे, एवढाच त्याचा अर्थ आहे.

असे मोजणे थांबविण्यास मोठेपणा बाजूला ठेवावा लागतो, आणि तेच सर्वांत कठीण. प्रथम कोणी बोलावे, हा प्रश्न मान राखण्यासाठी पडतो. उधळ्या पुत्राच्या कथेत मुलगा दूर असतानाच वृद्ध पिता धावत सुटतो. ज्याचा अपराध नव्हता, तो आधी धावला. कतारगामच्या रस्त्यावरील घुमट आज पाहणाऱ्यांना केवळ वास्तू म्हणून आकर्षित करतात. टिळक दांपत्याचा संसार मात्र अजून वाचकांच्या घरात नांदतो आहे.