लेस पॉल आणि एस.जी. : दोन सदृश इलेक्ट्रिक गिटारींतील निवड

महाविद्यालयीन वाद्यवृंदासाठी इलेक्ट्रिक गिटार निवडताना गिब्सन कंपनीच्या 'लेस पॉल' व 'एस.जी.' या दोन मॉडेल्समध्ये अनेकदा संभ्रम होतो. प्रस्तुत लेखात त्यांतील साम्यभेदांचा विचार केला आहे.

लेस पॉल १९५२ मध्ये बाजारात आली. तिच्या जागी १९६१ मध्ये आणलेला पातळ आराखडाच पुढे 'एस.जी.' या नावाने रूढ झाला. दोहोंच्या 'स्टँडर्ड' प्रकारांत तारेची कंपनलांबी सुमारे २४.७५ इंच असून दोन हंबकर पिकअप असतात. तारेच्या कंपनाचे विद्युतसंकेतात रूपांतर पिकअपच करीत असल्याने ध्वनीतील अंतर मर्यादित राहते.

खरा भेद बांधणीत आहे. लेस पॉलच्या महोगनीवर मेपलचा थर असतो; ती जाड व सहसा वजनदार असते. एस.जी. हलकी असून तिच्या शेवटच्या पडद्यांपर्यंत बोटे सहज पोहोचतात. मात्र पट्ट्यावर अडकवताच तिची दांडी खाली झुकू पाहते व ती सावरण्यात डावा हात गुंततो.

म्हणून केवळ ध्वनिमुद्रण ऐकून केलेली निवड अपुरी ठरते. दोन्ही वाद्ये उभे राहून, पट्ट्यासह अर्धा तास वाजवावीत. खांदा अवघडल्यास एस.जी., डावा हात अडकल्यास लेस पॉल घ्यावी. अंगाला न मानवणारे महागडे वाद्य अखेर कपाटातच राहते व विद्यार्थ्याचा सराव खुंटतो.