खिशातला चाकू : हौस वेगळी, काम वेगळं

कुरियरचं पार्सल फोडताना किल्ली, सुतळी तोडताना दात, आणि प्रवासात पेरू कापायचा झाला तर शेजाऱ्याकडे विचारणा. रोजच्या अशा किरकोळ कामांसाठी घडीचा हलका चाकू खिशात असावा असं अनेकांना वाटतं. पण घ्यायला निघालं की डोळ्यांपुढे हिंदी सिनेमातला रामपुरी उभा राहतो आणि निवड कामावरून न होता रुबाबावरून होते. पुढचे बहुतेक गैरसमज तिथूनच येतात.

गैरसमज : पातं जितकं लांब, तितका चाकू कामाचा.

वस्तुस्थिती : चिकटपट्टी, दोरा, पाकीट, औषधाची पट्टी, फळ यांपैकी कशालाच पाच-सात सेंटिमीटरपेक्षा लांब पातं लागत नाही. व्हिक्टोरिनॉक्सचा ‘क्लासिक’ घडी केल्यावर ५८ मिलिमीटरचा असतो आणि किल्ल्यांच्या जुडग्यात मावतो. ऑफिसला जाणाऱ्याची बहुतेक कामं त्यात उरकतात. डब्याबरोबर काकडी, पाव, आंबा कापणाऱ्याला थोडं मोठं पातं सोयीचं. फ्रान्सच्या ओपिनेलचा ८ नंबरचा चाकू साडेआठ सेंटिमीटर पात्याचा आहे, आणि खिशातल्या चाकूला एवढं भरपूर झालं.

गैरसमज : हाताला जड लागतो तो मजबूत.

वस्तुस्थिती : घडीच्या चाकूचं वजन पात्यात कमी आणि मुठीत जास्त असतं. मुठीच्या आत दोन्ही बाजूंना पोलादाच्या अखंड पट्ट्या घातल्या की वजन सहज शंभर ग्रॅमच्या पुढे जातं. ओपिनेलच्या लाकडी मुठीत अशा पट्ट्याच नाहीत. म्हणून ८ नंबरचा चाकू पन्नास ग्रॅमच्या आसपास भरतो, आणि १८९० पासून चालत आलेली ही रचना आजही शेतात आणि स्वयंपाकघरात वापरली जाते. बेंचमेडच्या ‘बगआउट’चं पातं आठ सेंटिमीटरहून थोडं मोठं असूनही त्याचं वजन साधारण तेवढंच आहे, कारण मूठ काचतंतू मिसळलेल्या नायलॉनची आहे.

जाडजूड पात्याचंही तसंच. ते सफरचंद कापत नाही, पाचर ठोकल्यासारखं फोडतं. पातळ पात्याची फोड स्वच्छ निघते. पातळ पातं मोडतं ते बहुधा त्याच्या टोकानं स्क्रू फिरवल्यामुळे किंवा डब्याचं झाकण उचकटल्यामुळे, आणि त्या कामांना पेचकसच हवा. मजबुती पाहायची असेल तर दुकानात चाकू उघडून पातं हलक्या हातानं डावी-उजवीकडे हलवून बघा. खिळीपाशी ते लटपटत असेल, किंवा मिटताना मुठीच्या एका बाजूला घासत असेल, तर वजन कितीही असो, तो चाकू परत ठेवा.

गैरसमज : स्टेनलेस आहे म्हणजे गंजणार नाही.

वस्तुस्थिती : पोलादात साधारण साडेदहा टक्के किंवा त्याहून जास्त क्रोमियम असलं की त्याला स्टेनलेस म्हणतात. हे क्रोमियम पृष्ठभागावर एक अतिशय पातळ संरक्षक थर धरतं. मिठातलं क्लोराइड हाच थर भेदतं. त्यामुळे रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या हवेत, पावसाळ्यात, किंवा लिंबू-कैरी कापून तसाच मिटलेल्या चाकूवर डाग पडतात. सुरुवात बहुधा खिळीपाशी होते, कारण ओल तिथे अडकून राहते. वापरल्यावर गोड्या पाण्यानं धुवा, पूर्ण कोरडा करा आणि खिळीत खाद्य दर्जाच्या खनिज तेलाचा एखादा थेंब सोडा. शेंगदाण्याचं किंवा खोबऱ्याचं तेल कालांतरानं खवट होतं.

कार्बन पोलादाचं पातं लवकर धार घेतं, पण कांद्या-लिंबानं काळं पडतं आणि ओलं राहिलं तर गंजतं. देखभालीची आवड असेल त्यानं ते जरूर घ्यावं. किनाऱ्यावर राहणाऱ्यानं स्टेनलेसच घेतलेलं बरं.

गैरसमज : पोलाद जितकं महाग, तितका चाकू चांगला.

वस्तुस्थिती : पोलादात सगळे गुण एकदम मिळत नाहीत. कडकपणा वाढला की धार टिकते, पण सहसा चिवटपणा घटतो आणि पुन्हा धार लावणं अवघड होतं. व्हिक्टोरिनॉक्सची पाती रॉकवेल मापावर ५६ च्या आसपास असतात. म्हणजे धार तुलनेनं लवकर उतरते, पण साध्या दगडावर काही मिनिटांत परत येते. व्हॅनेडियमचं प्रमाण जास्त असलेली महागडी पोलादं जास्त काळ धारदार राहतात, मात्र त्यांना हिऱ्याची पूड बसवलेला दगड लागतो. घरात तो नसेल तर हजारो रुपयांचा चाकू बोथटच पडून राहील. स्वस्तात मिळणाऱ्या ‘दमास्कस’ चाकूंवरची लहरींची नक्षी तर कित्येकदा नुसती वरून कोरलेली असते. तिचा धारेशी संबंध नाही.

गैरसमज : बोथट चाकू सुरक्षित.

वस्तुस्थिती : बोथट पात्याला जोर जास्त लावावा लागतो, आणि जोर लावलेला हात घसरला की जखम खोल होते. धार कागदावर किंवा टोमॅटोच्या सालीवर तपासा, अंगठ्यावर नको. धार लावताना पातं दगडाशी सुमारे वीस अंशांत धरा आणि तो कोन शेवटपर्यंत बदलू देऊ नका.

गैरसमज : लॉक असला की बोटं कापत नाहीत.

वस्तुस्थिती : साध्या घडीच्या चाकूत पाठीमागची स्प्रिंग पातं उघडं धरते. लॉकच्या चाकूत एखादी पट्टी, खाच किंवा कडं ते अडवून ठेवतं. ओपिनेलचं फिरणारं कडं १९५५ मध्ये आलं. नेहमीसारखं कापताना दाब धारेकडून येतो, म्हणजे पातं आणखी उघडण्याच्या दिशेनं. ते मिटण्याचा धोका टोक खुपसताना किंवा पाठीवर दाब आल्यावर असतो, आणि लॉक उपयोगी पडतो तो अशा वेळी. पण खिशातला कचरा खाचेत साचला की लॉक नीट बसत नाही. पट्टीच्या लॉकमध्ये तर चाकू मिटवताना अंगठा थेट पात्याच्या वाटेत येतो. लॉकच्या भरवशावर सवयी सैल सोडता येत नाहीत.

गैरसमज : चाकू छोटा आहे, मग कायद्याचा प्रश्नच नाही.

वस्तुस्थिती : केंद्राच्या शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांच्या चाकूंचा उल्लेख आहे. घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत. खिशातला चाकू या मापांच्या कितीतरी आत राहतो. तरीही महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली सणासुदीच्या किंवा तणावाच्या काळात जमावबंदीबरोबर चाकू-लाठ्या बाळगण्यावरही बंदी येऊ शकते. असे आदेश वर्तमानपत्रात येतात, ते वाचावेत. बटण दाबताच उघडणाऱ्या चाकूच्या वाटेला जाऊच नये. विमानात केबिनच्या सामानात चाकू चालत नाही, तो चेक-इन बॅगेतच ठेवायचा.

लंडनला शिकायला निघालेल्यांनी तर आणखी सावध राहावं. ब्रिटनमध्ये सार्वजनिक ठिकाणी विनाकारण बाळगता येतो तो फक्त लॉक नसलेला, ३ इंचांपर्यंत धारेचा घडीचा चाकू. लॉकचा चाकू कितीही छोटा असला, तरी तो जवळ ठेवायला सबळ कारण सांगावं लागतं, आणि ‘स्वसंरक्षणासाठी’ हे सहसा सबळ कारण मानलं जात नाही.

तेव्हा दुकानात जाण्याआधी गेल्या महिन्यात आपल्याला चाकू कशाकशाला लागला असता, ते आठवा. पार्सलं आणि फळं एवढंच निघालं, तर सात सेंटिमीटरच्या आतलं स्टेनलेस पातं, पन्नास-साठ ग्रॅमच्या आत वजन आणि घरच्या दगडावर धार घेणारं साधं पोलाद पुरेसं आहे. त्यापुढे मोजलेले पैसे हौसेचे समजावेत. हौस करायला हरकत नाही, फक्त तिला गरज म्हणू नये.