तीस ग्रॅमचा पेशंट

बजरीगरच्या अंगात रक्त असतं जेमतेम तीन मिलिलिटर. पक्ष्याच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा म्हणजे त्याचं रक्त, असा पशुवैद्यांचा ढोबळ हिशेब. तपासणीसाठी रक्त काढायचं तर वजनाच्या एक टक्क्यापुढे जायचं नाही. म्हणजे ०.३ मिलिलिटर, पाच-सहा थेंब! सगळ्या टेस्ट एवढ्यातच बसवायच्या. म्हणूनच घरी नखं कापताना एखादं नख मुळापाशी कापलं गेलं आणि रक्त थांबेना, तर ‘थोडंसंच तर आलंय’ म्हणून बसून राहायचं नसतं. कॉर्नफ्लोअरची चिमूट दाबून धरायची आणि दवाखाना गाठायचा.

बजरीगर म्हणजे आपण सरसकट ज्याला ‘लव्हबर्ड’ म्हणतो तो. बारवी धरणाचं पाणी ज्यांच्या नळाला येतं, त्या उल्हासनगर-अंबरनाथच्या कितीतरी गॅलऱ्यांत त्याचा पिंजरा टांगलेला असतो. त्यातल्या इवल्याशा वाटीतही बारवीचंच पाणी. तिकडे धरणाकाठच्या रानात दुनिया वेगळी: खंड्या, घारी, घुबडं, पावसाच्या तोंडावर नवरंग. आजारपण आणि जखमा दोन्हीकडे आहेत. पण कुत्र्या-मांजरांवर उपचार करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला पाखराचं शरीर हाताळायची सवय असतेच असं नाही. हे शरीर आहेच मुळी भलतं.

हाडातून श्वास

आपल्या छातीखाली श्वासपटल असतं, पक्ष्याला ते नसतं. त्याची फुप्फुसं आपल्यासारखी फुगत नाहीत. त्यांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या, बहुतेक जातींत नऊ, भात्यासारखं काम करतात आणि हवा फुप्फुसांतून एकाच दिशेने वाहत राहते. श्वास घेताना ताजी हवा, सोडतानाही ताजी हवा. यासाठी छातीचं हाड सतत हलतं राहावं लागतं. आता विचार करा, ‘निसटू नये’ म्हणून आपण पाखराला छातीभोवती मूठ आवळून धरतो तेव्हा काय होत असेल? चोच उघडी, नाकपुड्या मोकळ्या, तरीही जीव गुदमरतो. सवयीचा डॉक्टर मऊ टॉवेलात पक्षी घेतो, दोन बोटांत डोकं हलकेच सावरतो आणि छाती पूर्ण मोकळी ठेवतो. डॉक्टर पाखरू हातात कसं घेतात, त्यावरूनच त्यांचा सराव लक्षात येतो.

याहून नवलाची गोष्ट पंखाच्या दंडात आहे. बहुतेक पक्ष्यांचं ते हाड पोकळ असतं आणि थेट हवेच्या पिशवीशी जोडलेलं असतं. श्वासनलिका तुंबली आणि दंडाचं हाड मोडून बाहेर उघडं पडलं, तर पक्षी त्या मोडक्या हाडातूनही श्वास घेऊ शकतो! फार अशक्त पक्ष्याची शीर सापडत नाही तेव्हा सलाइन हाडातून देतात, पण दंडाच्या हाडातून कधीच नाही. तिथून दिलेलं पाणी श्वसनमार्गात उतरेल आणि टेबलावरच पक्षी बुडेल. म्हणून कोपराच्या पुढचं हाड निवडतात. हे ज्याला ठाऊक नाही, त्याने कितीही मायेने उपचार केले तरी पाखराचा घात होऊ शकतो.

हीच श्वसनयंत्रणा स्वयंपाकघरात जिवावर बेतते. नॉनस्टिक तवा रिकामा गॅसवर राहून फार तापला की त्याच्या लेपातून निघणारा वायू पक्ष्याला काही मिनिटांत मारू शकतो. घरातल्या माणसांना वाससुद्धा येत नाही. पिंजरा ओट्याजवळ नकोच. ॲव्होकॅडो आणि चॉकलेट हेही पाखरांना विष.

दुखणं लपवणारी जात

रानात आजारी दिसणारं पाखरू शिकाऱ्याच्या नजरेत पहिलं भरतं. त्यामुळे दुखणं लपवणं पक्ष्याच्या रक्तात आहे, पिंजऱ्यात जन्मलेल्याच्याही. पिसं फुगवून गप्प बसलेला, दांडी सोडून पिंजऱ्याच्या तळाशी आलेला पक्षी ‘आज जरा सुस्त’ नसतो. त्याचं दुखणं खूप पुढे गेलेलं असतं.

त्याचं गुपित फोडणाऱ्या दोन वस्तू घरातच असतात. एक, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा. तीस ग्रॅमच्या पक्ष्याचं तीन ग्रॅम वजन घटणं म्हणजे साठ किलोच्या माणसाचं सहा किलोंनी घटणं. पिसांमुळे ते डोळ्यांना दिसत नाही, काट्याला दिसतं. दर आठवड्याला एकाच वेळी वजन करून कॅलेंडरवर लिहून ठेवलं, तर डॉक्टरला त्याच्याइतका बोलका कागद दुसरा नाही. दुसरी वस्तू म्हणजे पिंजऱ्याखालचा साधा कागद. पक्ष्याच्या शिटेत तीन गोष्टी असतात: हिरवट-तपकिरी विष्ठा, पांढरा खडूसारखा युरेट आणि स्वच्छ पाणी. पांढऱ्याचा पिवळा-हिरवा झाला तर यकृताकडे बघावं लागतं. भुसा पसरला तर यातलं काहीच कळत नाही.

आणि खाणं! नुसता राळा, बाजरी, सूर्यफुलाच्या बिया खाऊन पाखरं खूश दिसतात, पण ‘अ’ जीवनसत्त्वाची उणीव होते आणि श्वासाचे, डोळ्यांचे विकार मागे लागतात. उपाय महागडा नाही. गाजर, पालक, शेवग्याचा पाला.

बारवीच्या वाटेवर सापडलेलं पाखरू

मे-जूनमध्ये नवरंग दक्षिणेकडून आपल्याकडे येतो. हा पक्षी रात्री प्रवास करतो. शहराच्या दिव्यांनी गोंधळतो, काचेवर आदळतो आणि सकाळी सोसायटीच्या आवारात रंगांचा एक मूक गोळा पडलेला मिळतो. अशा वेळी आपली माणसं लगेच चमच्याने पाणी पाजायला जातात. मन चांगलं, पण कृती घातक. पक्ष्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच उघडतं आणि जबरदस्तीने ओतलेलं पाणी तिथेच शिरतं. दूध तर नकोच. दुधातली साखर पक्ष्यांना पचत नाही. (कबुतरं पिलांना ‘दूध’ पाजतात ते वेगळं. ते अन्नपिशवीच्या अस्तरातून तयार होतं आणि नर-मादी दोघंही पाजतात. आपल्या खाडीत येणाऱ्या फ्लेमिंगोंचंही तसंच.)

करायचं एवढंच: पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडायची, तळाशी जुना टॉवेल, पाखरू अलगद आत, झाकण बंद, शांत जागा. अंधारात त्याची धडधड उतरते. मग वन विभागाची ‘हॅलो फॉरेस्ट’ हेल्पलाइन, १९२६. फोटो काढत, हातोहात फिरवत बसलं तर धक्क्यानेच जीव जातो.

पिसं फुटलेलं, टुणटुण उड्या मारणारं पिलू दिसलं तर मात्र बहुतेक वेळा ते हरवलेलं नसतं. ते उडायला शिकत असतं आणि आई-बाप जवळच्या फांदीवर असतात. कुत्र्या-मांजरांपासून दूर, झुडपावर ठेवायचं आणि बाजूला व्हायचं.

बैलघोड्यात घार

बदलापूरहून लोकलने दीड तासाच्या आसपास गेलं की परळचं ‘बैलघोडा हॉस्पिटल’ लागतं. कागदोपत्री नाव बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय. प्राणिक्लेश प्रतिबंधक संस्था मुंबईत १८७४ साली स्थापन झाली. त्याच वर्षी शहरात घोड्यांची ट्राम धावू लागली. सगळा भार बैलांच्या आणि घोड्यांच्या मानेवर, म्हणून रुग्णालयही त्यांचंच. पैसा सर दिनशॉ माणेकजी पेटिट यांचा, नाव त्यांच्या पत्नीचं. शेजारीच १८८६ साली मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. घोड्यांची ट्राम १९०५ साली बंद पडली, बैलगाड्या गेल्या, लोकांच्या तोंडी नाव मात्र तेच राहिलं. आणि जानेवारीत, संक्रांतीच्या सुमारास, याच बैलघोड्यात मांज्याने कापलेल्या घारी आणि कबुतरं येऊ लागतात.

मांजा कापतो कुठे ते पाहा. पंखाच्या पुढच्या कडेला, खांद्यापासून मनगटापर्यंत, कातडीचा एक ताणलेला पडदा असतो. त्याच्या कडेतून एक बारीक स्नायुबंध जातो. उडताना पंख ताठ राहतो तो याच्या जोरावर. नायलॉनचा दोरा नेमका इथे बसतो. कातडी शिवता येते, पण हा बंध तुटला तर घार जगते आणि बहुधा पुन्हा उडत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली नायलॉन मांज्यावर देशभर बंदी घातली. तरीही तो मिळतो आणि लोक तो विकत घेतात, याचा मला राग येतो. शंभर रुपयांच्या रिळापायी एका पक्ष्याचं आकाश जातं.

पिसं तुटली असतील तर मात्र गंमतशीर इलाज आहे: पिसाला पीस जोडायचं! त्याच जातीच्या पक्ष्याचं गळून पडलेलं पीस जपून ठेवतात, तुटक्या पिसाच्या पोकळ देठात बांबूची बारीक काडी घालतात, गोंदाने नवं पीस बसवतात. पुढच्या पीसगळीत ते आपोआप गळतं आणि खरं उगवतं. ससाणे पाळणाऱ्यांना ही युक्ती शेकडो वर्षांपासून ठाऊक आहे. आपल्याकडेही ससाण्यांच्या वैद्यकाची परंपरा जुनी. कुमाऊँचा राजा रुद्रदेव याच्या ‘श्यैनिकशास्त्र’ या संस्कृत ग्रंथात शिकारी ससाण्यांच्या दुखण्यांवर उपाय दिले आहेत. हरप्रसाद शास्त्री यांनी तो १९१० साली इंग्रजी भाषांतरासह छापून आणला.

एक इंजेक्शन, लाखो गिधाडं

पक्ष्यांवरचं सगळ्यात मोठं संकट गाईच्या औषधातून आलं. दुखऱ्या जनावराला डायक्लोफिनॅक दिलं जाई. ते जनावर मेलं की गिधाडं त्यावर उतरत. गिधाडाच्या मूत्रपिंडाला हे औषध सोसत नाही. युरिक ॲसिडचे पांढरे थर हृदयावर-यकृतावर साचतात आणि पक्षी मरतो. नव्वदच्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे (बीएनएचएस) विभू प्रकाश यांनी भरतपूरला घटती संख्या टिपली. २००४ साली लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या अभ्यासातून कारण शोधलं. २००६ साली भारताने जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून अधिक संपली होती. रायगडात म्हसळ्याजवळ चिरगावच्या झाडांवर ती अजून घरटी करतात. मेलॉक्सिकॅम हे त्यांना न बाधणारं वेदनाशामक बाजारात सहज मिळतं. गुरांच्या डॉक्टरकडे ते मागून घेणं आपल्या हातात आहे.

मिठूचं काय?

हिरवा देशी पोपट घरात पाळणं गुन्हा आहे, मग तो आजीच्या काळापासून ‘मिठू मिठू’ करत असला तरी. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ त्याला संरक्षण देतो. बजरीगर आणि कॉकटील यांना ती अडचण नाही. आफ्रिकन ग्रेचं तसं नाही. २०१६ साली त्याला आंतरराष्ट्रीय व्यापारबंदीच्या सर्वांत कडक यादीत घातलं गेलं आणि अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते. तेव्हा विकत घेताना दुकानदाराकडे कागद मागाच. हा पोपट चाळीस-पन्नास वर्षं जगू शकतो, तेव्हा पुढची पिढी तयार आहे का, तेही घरात विचारून घ्या.

ससा, गिनीपिग आणि नाण्याएवढं कासव

कुत्र्या-मांजरांहून वेगळं शरीर नुसतं पाखरांचंच नसतं. सशाला उलटी होत नाही. म्हणून ऑपरेशनआधी माणसासारखं त्याला उपाशी ठेवत नाहीत. उलट बारा तास काही खाल्लं नाही तर तीच इमर्जन्सी. तोंडाने दिलेलं ॲमॉक्सिसिलीन, जे आपण मुलांना सर्रास देतो, त्याच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मारून त्यालाच संपवू शकतं. कुत्र्याच्या गोचिडांचं फिप्रोनिलही त्याला विषारी. दात आयुष्यभर वाढतात, म्हणून गवत हवंच हवं. गिनीपिग आपल्यासारखाच ‘क’ जीवनसत्त्व स्वतः बनवू शकत नाही. रोज सिमला मिरचीचा तुकडा दिला की काम होतं.

कासवाला इंजेक्शन शक्यतो पुढच्या पायात देतात, कारण मागच्या भागातलं रक्त हृदयाकडे जाण्याआधी मूत्रपिंडातून फिरू शकतं. पोटात काही अडकलं तर कवचाला चौकोनी खिडकी कापावी लागते. ऑपरेशननंतर तोच तुकडा परत बसवून वर इपॉक्सीचा लेप देतात. अशी कवचं जुळायला महिनेच्या महिने लागतात.

दुकानात नाण्याएवढं दिसणारं, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं कासव अमेरिकेतलं. अंडी उबवताना तापमान जास्त असेल तर माद्या, कमी असेल तर नर. अंगावर योग्य अतिनील प्रकाश पडला नाही तर कवच मऊ पडतं आणि वाकडं वाढतं. नीट सांभाळलं तर ते वीस-तीस वर्षं जगतं आणि जेवणाच्या ताटलीएवढं होतं. तेव्हा टाकी पुरत नाही आणि कुणाला तरी सुचतं, ‘रविवारी बारवीला जाऊ, सोडून देऊ.’ कृपा करून सोडू नका. हे कासव जगभरात आगंतुक जातींच्या यादीत आहे. देशी कासवांची उन्हं खायची जागा आणि खाणं दोन्ही ते बळकावतं, शिवाय टाकीतले रोगजंतू सोबत नेतं. डॉक्टरकडे चौकशी करा. मोठी टाकी असलेलं, कासव मागणारं एखादं घर त्यांच्या माहितीत असतं.