ध्वनिमुद्रिकांचे प्रकार व त्यांचें साधनमूल्य

ईट (तालुका भूम, जिल्हा धाराशिव) किंवा त्या बाजूच्या दुसऱ्या एखाद्या गांवीं संशोधक जुन्या घरांत शिरतो तो कागदांचे रुमाल शोधण्यासाठीं. माळ्यावर त्याच रुमालांशेजारीं गाण्याच्या तबकड्या व कॅसेटी पडलेल्या असल्या, तर त्यांकडे तो सहसा पाहात नाहीं. आणि घरधनी त्या पुढें भंगारवाल्यास देऊन टाकतो. वस्तुतः हीं साधनेंच होत, व कागदाप्रमाणें त्यांचेंही वाचन करतां येतें.

एडिसननें १८७७ सालीं ध्वनि उमटविला तो फिरत्या नळकांड्यावर. पुढें हीं नळकांडीं मेणाचीं झालीं. पण त्यांच्या प्रती काढणें मोठें जिकिरीचें होतें. बर्लिनरनें १८८७ त सपाट तबकडी योजिली. तिच्या एका सांच्यावरून हजारों प्रती निघूं लागल्या. पोथी व छापील ग्रंथ यांतील अंतर तें हेंच. हिंदुस्थानांत गेस्बर्ग हा ग्रामोफोन कंपनीतर्फे १९०२ च्या नोव्हेंबरांत कलकत्त्यास आला व त्यानें गौहरजान हिचें गाणें मुद्रित केलें. तबकड्या मात्र जर्मनींत हॅनोव्हर येथें छापून येत. गाण्याच्या शेवटीं गायिका आपलें नांव इंग्रजींत उच्चारी, तें तेथील कारागिरांस चिठ्ठी बिनचूक लावतां यावी म्हणून. आम्हांस तो उच्चार पत्राच्या अखेरच्या मोर्तबासारखा वाटतो. नव्या प्रतींत तो गाळणें म्हणजे मोर्तब कापून पत्र छापणें होय. १९०८ पासून कलकत्त्यासच सियालदा येथें कारखाना सुरू झाला. तबकडीचें मुख्य द्रव्य लाख. ती तर पूर्वीपासून येथूनच परदेशीं जात होती.

या तबकड्यांस सरसकट ‘७८ च्या’ म्हणतात, म्हणजे मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या. परंतु प्रारंभींच्या काळांत हा वेग ठरलेला नव्हता, आणि येथेंच अनेक अभ्यासक फसतात. ७२ च्या वेगानें घेतलेली सव्वातीन मिनिटांची चीज ७८ वर लावली कीं ती बरोबर तीन मिनिटांत संपते, व स्वर एका पट्टीहून अधिक चढतो. काळी एकमध्यें गाणारा गवई पांढरी दोनच्याही वर गेलेला ऐकूं येतो. अशा नकलेवरून पूर्वीच्या गायकांच्या उंच पट्टीविषयीं सिद्धांत मांडणें धाडसाचें आहे.

दुसरी फसगत लांबीची. दहा इंची तबकडीची एक बाजू सुमारें तीन-साडेतीन मिनिटें चाले. अब्दुल करीमखांची झिंझोटी ऐकून महफिलींतील राग तेवढाच असे, असें कोणीं समजूं नये. १९७७ सालीं व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळांत गेलेल्या तबकडींत केसरबाई केरकरांची भैरवी आहे. तीही साडेतीन मिनिटांचीच. शिवाय १९२५ पूर्वीचें मुद्रण विद्युत्-साहाय्यावांचून, कर्ण्यांत गाऊन होई. त्यांत बारीक हरकती व साथीचे बोल पुष्कळदां विरून जात. तो दोष यंत्राचा, गायकाचा नव्हे.

१९४८ त ३३⅓ फेऱ्यांची दीर्घ तबकडी अमेरिकेंत निघाली, पुढल्याच वर्षीं ४५ फेऱ्यांची. दीर्घ तबकडीच्या एका बाजूवर वीस मिनिटें व अधिकही गाणें मावूं लागलें, व विलंबित ख्यालास प्रथमच थोडी ऐसपैस जागा मिळाली. तरी ७८ ची तबकडी दिसतांच ती १९५० पूर्वींची मानूं नये. भारतांत त्या १९६० नंतरही कांहीं वर्षें निघत होत्या, इतक्या कीं विलायतेंतील बीटल्स मंडळींचीं गाणींही येथें ७८ वर मिळत. काळ ठरवावयाचा तो चिठ्ठीवरील चित्र (आरंभीं लेखणी घेतलेला देवदूत, मागाहून कुत्रा) व चिठ्ठीलगत कोरलेला सांच्याचा क्रमांक यांवरून.

फिलिप्स कंपनीची कॅसेट १९६३ त आली, सीडी १९८२ त. सीडीविषयीं येथें विशेष सांगण्यासारखें नाहीं. कॅसेटीचें तसें नव्हे. तिच्यावर कोणासही घरबसल्या मुद्रण करतां येऊं लागलें, आणि गांवचें कीर्तन, भारूड, गोंधळ्यांचें गाणें, जात्यावरील ओव्या एखाद्या घरच्या कॅसेटींत राहिल्या. गाजलेल्या गायकाची तबकडी पुण्यामुंबईच्या संग्राहकांकडे बहुधा सांपडते. त्या कॅसेटीची दुसरी प्रत जगांत कोठेंही नसते. म्हणून आमच्या मतें तबकडी हा छापील ग्रंथ, घरगुती कॅसेट हें हस्तलिखित. संग्राहक नेमका उलटा भाव करतात.

अशी कॅसेट हातीं येतांच तिच्या पाठीकडील दोन चिमुकल्या पट्ट्या मोडून टाकाव्या, म्हणजे तिच्यावर चुकून दुसरें मुद्रण होत नाहीं. वेष्टनावर लिहिलेलें अक्षरन् अक्षर उतरून घ्यावें व आवाज कोणाचा हें घरांतील वडील माणसांस विचारून नोंदवावें. तबकड्या उभ्या ठेवाव्या. लाखेच्या तबकडीस स्पिरिट लावूं नये, तींत लाख विरघळते. आणि ७८ ची पोलादी सुई दीर्घ तबकडीवर कधींही टेकवूं नये.