एक पॅटर्न, 18 शर्ट: गणवेशाचं डिझाईन असं जुळवा

सोलापूर म्हटलं की आधी चादर आठवते. पण आज आपलं शहर शाळेच्या गणवेशांसाठीही ओळखलं जातं. या धंद्यात उतरताना अनेक जण विचारतात, "मला डिझाईन येत नाही, जमेल का?" जमेल. चित्र काढता आलं नाही तरी चालेल, भाग जुळवता आले पाहिजेत.

शर्ट सुटा करून बघा: पाठ, पुढचे दोन भाग, कॉलर, बाही, खिसा. पाठ आणि पुढा कायम ठेवा. आता कॉलर 3 प्रकारची घ्या: शर्ट कॉलर, पीटर पॅन, बंद गळा. बाही 3 प्रकारची: अर्धी, कफची पूर्ण, फुग्याची. खिसा 2 प्रकारचा: साधा आणि झाकणाचा. 3 × 3 × 2 म्हणजे 18 डिझाईन्स तयार!

अट एकच, जोड जुळला पाहिजे. कॉलरची शिवण गळ्याच्या मापाची हवी, बाहीचा गोल मुंड्यात बसायला हवा. फुग्याच्या बाहीचं जास्तीचं कापड चुण्यांत जातं, म्हणून ती त्याच मुंड्यात बसते. रॅगलन बाही मात्र थेट गळ्यापर्यंत जाते. तिला वेगळा पॅटर्नच लागतो.

आता पैशाचं गणित. 22 ते 40 असे 10 साईज धरले, तर 18 डिझाईन्सचे 180 प्रकार होतात. एवढा माल शिवून ठेवलात, तर भांडवल कपाटात अडकलंच म्हणून समजा. म्हणून सॅम्पल एकाच साईजमध्ये शिवा आणि बाकीचं ऑर्डर आल्यावर.

आणखी एक युक्ती. शाळेची ओळख फक्त कॉलर, कफ आणि खिशाच्या झाकणात ठेवा. तिथे शाळेचं चेक्स कापड, बाकी शर्ट पांढरा. शिलाईआधी ऑर्डर रद्द झाली, तर पांढरं कटिंग दुसऱ्या शाळेला चालतं. वाया जातात ते थोडेच तुकडे. तेच पूर्ण शर्ट चेक्सचा असेल, तर अख्खा लॉट अंगावर पडतो.

आजचा गृहपाठ: जवळच्या 3 शाळांचे गणवेश बघा आणि वहीत कॉलर, बाही, खिसा असे 3 रकाने भरा. कोणते भाग सारखे आहेत ते शोधा. तुमचा पहिला पॅटर्न त्यातूनच निघेल. जूनमध्ये शाळा उघडायच्या खूप आधी सॅम्पल मुख्याध्यापकांच्या टेबलावर पोहोचू द्या!