टंका आणि होन

बहामनी आणि विजयनगर ही राज्ये इतिहासाच्या पुस्तकात आपल्याला बहुधा रणांगणावरच भेटतात. परंतु त्यांची एक झुंज सराफांच्या पेढीवरही झाली, आणि ती आपल्याच भागात. तिची हकीकत येथे थोडक्यात देत आहोत.

सन १३४७ मध्ये बहामनी राज्य स्थापन झाले व गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी, त्याची राजधानी झाली. दुसरा सुलतान पहिला मुहंमदशहा (१३५८–१३७५) याच्या नावाने सोन्याचे टंके पाडले गेले. दिल्लीच्या धर्तीचे हे नाणे सुमारे ११ ग्रॅम वजनाचे होते. मराठीतील 'टका' हा शब्द त्याच्याच कुळातला. दक्षिणेत रुळलेले नाणे मात्र होन. कन्नड भाषेत 'होन्नु' म्हणजे सोने. विजयनगरचा होन जेमतेम साडेतीन ग्रॅमचा. त्यावर देवतांच्या आकृती असत.

विजापूरच्या दरबारी राहिलेला इतिहासकार फिरिश्ता सांगतो की, विजयनगर व वरंगळच्या राजांच्या चिथावणीवरून सराफ टंके आटवीत आणि होनच चालू ठेवीत. ताकीद देऊनही हे थांबेना, तेव्हा १३६० मध्ये सुलतानाने राज्यातील सराफांची कत्तल करविली.

फिरिश्त्याने हे सुमारे अडीचशे वर्षांनंतर लिहिले, हे आपण विसरू नये. शिवाय टंके आटविण्यास कटच हवा असे नाही. दोन नाणी एकाच बाजारात चालू असली, की लोक कसदार नाणे राखून ठेवतात किंवा आटवितात आणि हलके नाणे पुढे करतात. अर्थशास्त्रात यास ग्रेशॅमचा नियम म्हणतात. त्यातच होन लहान, ओळखीचा आणि देवघेवीस सोयीचा. जी गोष्ट बाजाराच्या स्वभावाने घडू शकते, तिला धर्मद्रोहाचे नाव मिळाले आणि माणसे प्राणांस मुकली.

फ्रान्समध्येही १५६२ ते १५९८ या काळात धर्मयुद्धे पेटली असता सोन्याच्या 'एक्यू' नाण्याचा भाव सारखा चढू लागला. राजा तिसरा हेन्री याने १५७७ मध्ये त्याचा भाव ६० सू ठरवून हिशेबही एक्यूतच ठेवण्याची आज्ञा केली. परंतु बाजाराने ती मर्यादा फार काळ पाळली नाही. १६०२ मध्ये ही पद्धत सोडून द्यावी लागली.

इकडे राजधानी बिदरला गेली, पुढे बहामनी राज्यही लयास गेले; होन मात्र टिकला. १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजी महाराजांनी सोन्याचे नाणे पाडले, तेही होनच. नाण्यावर नाव राजाचे असते. पण ते चालते लोकांच्या विश्वासावर, आणि विश्वास तलवारीने मिळत नाही, हे विद्यार्थ्यांनी ध्यानी ठेवावे.