घरचं शिवण (भाग ९) : कुंची

मागच्या भागात दुपट्याला अस्तर लावलं. बाळंतविड्यात त्यानंतरचा मान कुंचीचा. टोपी आणि पाठीवरचं पांघरूण दोन्ही एकाच कापडात. बाळाला खांद्यावर घेतलं की टोपडं हमखास निसटतं. कुंचीचा पाठीवरचा भाग मात्र आपल्याच हाताखाली दाबलेला राहतो, म्हणून ती डोक्यावरून सरकत नाही.

बाहेरून खण घ्या. गुळेदगुड्डचा त्रिकोणी घडीचा खण मिळाला तर फारच छान. आत मात्र जुन्या सुती पातळाचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं कापडच हवं. माझ्या भाचीच्या बारशाची कुंची मी खण न भिजवताच शिवली होती. पहिल्याच धुण्यात खण आटला, अस्तर होतं तेवढंच राहिलं आणि कुंचीभर फुगे आले. तेव्हापासून खण रात्रभर पाण्यात ठेवते, सावलीत वाळवते, मगच कात्री लावते. रंग जातो का तेही आधीच कळतं.

सहा महिन्यांच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण १७ इंच असतो. त्या अंदाजाने खण आणि अस्तर दोन्ही २४ इंच लांब, १६ इंच रुंद कापा. जरीचा काठ पाठीच्या खालच्या कडेला आला पाहिजे. पुष्कळ जणी तो कपाळावर घेतात. दिसतो सुंदर, पण गालावर जर घासून लाल वळ उठतो, तो मी पाहिला आहे.

आता खण सुलट बाजू आत ठेवून लांबीत दुमडा, म्हणजे ८ इंच रुंदीची पट्टी होईल. वरच्या आखूड कडेला टीप मारा. टोपीचं टोक तयार झालं. अस्तराचंही तसंच करा. मग दोन्हींच्या सुलट बाजू समोरासमोर आणून सगळ्या कडेने शिवा, खाली चार बोटं जागा सोडा, तिथून कुंची उलटवून घ्या आणि ती जागा हाताने तुरपून टाका.

खरं काम इथून पुढे. टोकापासून साडेआठ इंचांवर, दोन्ही पदरांतून, अर्ध्या इंचाच्या अंतराने दोन धावदोरे घाला. दोन्ही दोरे एकदम ओढा. एकच ओढला तर चुण्या तिरक्या पडतात. माप ९ इंचांवर आलं की थांबा आणि चुण्या बोटांनी सरकवा. मानेमागे दाट, हनुवटीकडे विरळ. पुढे दाट राहिल्या तर बाळ मान वळवताना त्या टोचतात आणि ते रडायला लागतं. आपण मात्र भूक लागली असेल म्हणून दूध पाजत बसतो. चुण्यांवर सुती पट्टी शिवा, तिचीच टोकं बंद म्हणून सोडा. बंद सहा इंचांहून लांब नकोत, गळ्याभोवती गुंडाळले जातात.

मोती, टिकल्या, घुंगरू लावायचा मोह होईल. लावू नका. निखळलेला मणी थेट तोंडात जातो. टोकाला दोऱ्याचा लहानसा गोंडा पुरे, तोही घट्ट शिवलेला. आणि बाळ झोपलं की कुंची काढून ठेवायची. डोकं फार तापू नये आणि कापड तोंडावर येऊ नये म्हणून.

उरलेलं अस्तराचं कापड टाकू नका. पुढच्या आठवड्यात झबल्याला लागेल.